डिझेल की पेट्रोल? एका घरगुती हिशेबाचा इतिहास

१/ एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात भारतीय मध्यमवर्गीय घरात गाडी घ्यायचे ठरले की एक वाद हमखास रंगे : डिझेल घ्यावी की पेट्रोल? वाद इंजिनाचा भासे. त्याचा निकाल मात्र बव्हंशी सरकारी इंधनधोरणाने आधीच लावलेला असे.

२/ प्रथम यंत्राविषयी. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण ठिणगीने पेटते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनात ठिणगीच नाही; हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेने इंधन आपोआप पेट घेते. त्यामुळे इंधन कमी लागते. पण तो दाब सोसण्यासाठी इंजिन अधिक भक्कम, म्हणून जड आणि महागही होते.

३/ याच कारणाने डिझेल आधी कारखाने, जहाजे आणि मालमोटारी यांत रुळले. मर्सिडीज-बेंझने '२६० डी' ही डिझेल मोटार बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली ती १९३६ साली. तिचे चाहते प्रामुख्याने टॅक्सीचालक होते. ज्याची गाडी दिवसभर धावते, त्यालाच जास्तीची किंमत वसूल करता येते.

४/ भारतात डिझेल म्हणजे एसटी, ट्रक, ट्रॅक्टर आणि शेतातला पंप. ते महागले तर भाजीपासून तिकिटापर्यंत सारेच महागणार, म्हणून सरकारने त्याचा भाव दाबून ठेवला. पेट्रोल मात्र सुखवस्तूंचे इंधन मानले गेले आणि त्यावर कराचा बोजा अधिक पडला.

५/ १९९८ मध्ये पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका बाजारात आली. छोट्या कौटुंबिक गाडीत १.४ लिटरचे डिझेल इंजिन, हे तिचे मोठे आकर्षण होते. शेतकऱ्यासाठी स्वस्त ठेवलेले इंधन आता घरगुती गाडीच्या टाकीतही जाऊ लागले.

६/ जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे झाले नाहीत. दोहोंतील दरी रुंदावली. समजा, डिझेल गाडी १ लाखाने महाग; ॲव्हरेज पेट्रोलचे १५, डिझेलचे २०. पेट्रोल ७० रुपये आणि डिझेल ४० रुपये असेल, तर प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे २ रुपये ६७ पैसे वाचतात आणि जादा रक्कम ३७,५०० किलोमीटरांत वसूल होते. डिझेल ६० रुपये झाले की हाच आकडा ६०,००० वर जातो. गाडी तीच, कुटुंब तेच. बदलला तो केवळ भाव.

७/ ही विसंगती सरकारलाही दिसत होती. किरीट पारीख समितीने २०१० मध्येच डिझेल मोटारींवर ८०,००० रुपये अतिरिक्त उत्पादनशुल्काची शिफारस केली होती. अखेर जानेवारी २०१३ पासून डिझेलचा दर थोडाथोडा वाढू लागला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तोही नियंत्रणमुक्त झाला.

८/ दरम्यान दुसरा हिशेब पुढे आला, फुप्फुसांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरविला. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत १० वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना मनाई केली. पेट्रोलसाठी ती मर्यादा १५ वर्षांची होती. ज्यांनी दीर्घकाळ वापरण्याच्या बेताने जादा पैसे मोजले होते, त्यांच्याच गाडीचे आयुष्य आधी संपले.

९/ १ एप्रिल २०२० पासून 'बीएस-६' मानके लागू झाली. काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे रोखणारी उपकरणे डिझेल इंजिनाला जोडणे लहान गाड्यांना परवडेना. मारुती सुझुकीने डिझेल मोटारी बंदच केल्या.

१०/ कुटुंबाने आपला हिशेब चोख मांडला होता. वर्षाकाठी किती किलोमीटर धावणार आणि ॲव्हरेज किती पडणार, हे त्याला ठाऊक होते. पण गाडी दहा-पंधरा वर्षांसाठी घेतली जाते आणि इंधनाचे धोरण तितका काळ टिकत नाही, ही बाब त्या कागदावर कोठेच नव्हती.