नौकेचे पुनर्नामकरण : समजुती व प्रथा

नौकेचे पुनर्नामकरण म्हणजे एखाद्या होडीचे, गलबताचे किंवा जहाजाचे प्रचलित नाव काढून तिला नवे नाव देणे. जगातील अनेक दर्यावर्दी समाजांत, विशेषतः युरोप व अमेरिकेतील खलाशांमध्ये, असे करणे अशुभ मानले जाते. नाव बदललेली नौका अपघातात सापडते, तिला वारा साथ देत नाही, तिच्यावर आजारपण किंवा बंड ओढवते, अशी ही समजूत आहे. प्रत्यक्षात मात्र विक्री, वारसा, युद्ध किंवा सत्तांतर यांमुळे नौकांची नावे नेहमीच बदलत आली आहेत. त्यामुळे समजुतीच्या जोडीला तिच्यातून वाट काढणारे विधीही निर्माण झाले. मुंबईत बांधली गेलेली, तसेच मुंबईत तळ असलेली अनेक प्रसिद्ध जहाजे पुनर्नामित होती आणि त्यांतील काही अतिशय दीर्घायुषी ठरली.

नाव आणि नाव

मराठीत नौका या अर्थाचा 'नाव' हा शब्द स्त्रीलिंगी असून तो संस्कृत 'नौ' या शब्दाशी संबंधित आहे. अभिधान या अर्थाचा 'नाव' हा शब्द नपुंसकलिंगी असून तो 'नामन्' या शब्दापासून आला आहे. पूर्वी दुसरा शब्द 'नांव' असा अनुस्वार देऊन लिहीत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनुसार अनुच्चारित अनुस्वार गाळले गेल्यापासून दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात.

नाव आणि नशीब यांचा संबंध मराठी लोकजीवनाला अपरिचित नाही. मुले जगत नसलेल्या घरात पुढील अपत्याला दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरू अशी मुद्दाम हलकी नावे ठेवण्याची प्रथा होती. लग्नानंतर सासरी वधूचे नवे नाव ताटातील तांदळात लिहिण्याची पद्धत अनेक कुटुंबांत होती व काही ठिकाणी अजूनही आहे. तेथे नामांतर मंगल मानले जाते. नौकेबाबतची पाश्चात्त्य समजूत याच्या उलट आहे.

पाश्चात्त्य समजूत

लोककथेनुसार प्रत्येक नौकेचे नाव समुद्रदेवाच्या (ग्रीक परंपरेत पोसायडन, रोमन परंपरेत नेपच्यून) नोंदवहीत लिहिलेले असते. मालकाने परस्पर नाव बदलल्यास तो देवाला फसवू पाहतो असा अर्थ होतो आणि देवाचा कोप होतो. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या 'ट्रेझर आयलंड' (१८८३) या कादंबरीतील लाँग जॉन सिल्व्हर हे पात्रही जहाजाचे मूळ नाव कायम ठेवावे असे मत मांडते. त्यावरून एकोणिसाव्या शतकात ही समजूत इंग्रजी वाचकांच्या परिचयाची होती असे दिसते.

समजुतीच्या पुष्ट्यर्थ सर्वाधिक सांगितले जाणारे उदाहरण 'मेरी सेलेस्ट' या जहाजाचे आहे. ते १८६१ मध्ये कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथे 'ॲमेझॉन' या नावाने पाण्यात उतरले. पुढे मालकी बदलल्यावर त्याचे नाव बदलण्यात आले. डिसेंबर १८७२ मध्ये ते अटलांटिक महासागरात निर्मनुष्य अवस्थेत तरंगताना आढळले. १७८९ मध्ये ज्यावर बंड झाले ते 'बाउंटी' हे जहाजही मूळचे 'बेथिया' होते.

विरुद्ध बाजूची उदाहरणेही तितकीच ठळक आहेत. फ्रान्सिस ड्रेकने पृथ्वीप्रदक्षिणेच्या वाटेवर १५७८ मध्ये आपल्या 'पेलिकन' या जहाजाचे नाव 'गोल्डन हाइंड' असे केले. ते १५८० मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून इंग्लंडला परतले. कॅप्टन जेम्स कुकचे 'एन्डेव्हर' हे मूळचे 'अर्ल ऑफ पेम्ब्रोक' नावाचे कोळसावाहू जहाज होते. काही वेळा तर अपशकुन टाळण्यासाठीच नाव बदलले गेले. देशाचे नाव धारण करणारी युद्धनौका बुडाल्यास लोकांचे मनोधैर्य खचेल, या भीतीने दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी जर्मनीने 'डॉइचलँड' या युद्धनौकेचे नाव 'ल्युत्सोव्ह' असे केले.

विधी

पुनर्नामकरणाचे प्रचलित पाश्चात्त्य विधी दोन भागांत असतात. पहिला भाग जुने नाव पुसण्याचा. नौकेच्या बाहेरील भागावर, जीवरक्षक कड्यांवर, नोंदवहीत, नकाशांवर व किल्ल्यांच्या पट्ट्यांवर असलेले जुने नाव काढून टाकतात. पाण्यात विरघळणाऱ्या शाईने ते नाव धातूच्या पट्टीवर लिहून समुद्रात सोडतात आणि समुद्रदेवाला आपल्या वहीतून ते पुसण्याची विनंती करतात. त्यानंतर मद्य अर्पण केले जाते. हे पूर्ण होईपर्यंत नवे नाव असलेली कोणतीही वस्तू नौकेवर आणू नये असा संकेत आहे.

दुसरा भाग नव्या नामकरणाचा. त्यात समुद्रदेवाला नव्या नावाची नोंद घेण्याची विनंती करून पुन्हा मद्य अर्पण करतात. बोरिअस (उत्तर), झेफिरस (पश्चिम), युरस (पूर्व) व नोटस (दक्षिण) या चार वाऱ्यांनाही आवाहन केले जाते. सागरी विषयांवरील लेखक जॉन व्हिगर यांनी तयार केलेली विधीची संहिता इंग्रजी भाषक हौशी नौकाधारकांत विशेष प्रचलित आहे.

या विधीची रचना महाराष्ट्रातील पार्थिव गणेशपूजेशी ताडून पाहता येते. तेथे प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत देवत्व येते आणि उत्तरपूजेने ते निरोप घेते. त्यानंतरच मूर्ती हलवून विसर्जित केली जाते. दोन्ही ठिकाणी आधीचे नाते विधिपूर्वक संपवल्याशिवाय पुढची कृती करायची नाही, हे तत्त्व समान आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील प्रथा

कोकण व मुंबईच्या किनाऱ्यावर नौकेला देवतास्वरूप मानले जाते. नवी होडी पाण्यात लोटण्यापूर्वी तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावून हार घालतात व नारळ फोडतात. कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतो आणि सजवलेल्या होड्यांची पूजा करतो. शिमग्यातही होड्या सजवण्याची व पूजण्याची रीत आहे.

नौकांची नावे बहुधा कुलदैवत, ग्रामदैवत किंवा घरातील व्यक्ती यांच्यावरून ठेवतात. कार्ल्याची एकवीरा, जेजुरीचा खंडोबा, डहाणूजवळची महालक्ष्मी यांच्या नावांना 'प्रसाद' किंवा 'कृपा' हे शब्द जोडलेले आढळतात. वसई परिसरातील ख्रिस्ती मच्छीमारांत संतांची नावे ठेवण्याचा व धर्मगुरूंकडून नौकेला आशीर्वाद घेण्याचा प्रघात आहे. नाव अशा प्रकारे घराच्या दैवताशी जोडलेले असल्याने नौका दुसऱ्या कुटुंबाकडे गेली की नामांतराचा प्रश्न निर्माण होतो.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. या काळात नौका किनाऱ्यावर ओढून त्यांची डागडुजी व रंगकाम केले जाते, आणि नावेही पुन्हा रंगवली जातात. त्यानंतर येणारी नारळी पौर्णिमा नव्या हंगामाची सुरुवात मानली जाते.

लोकांनी दिलेले दुसरे नाव हाही या विषयाचा एक भाग आहे. कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे येताना नोव्हेंबर १८८८ मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ ७०० हून अधिक माणसांसह नाहीशी झालेली आगबोट अधिकृतपणे 'वैतरणा' या नावाची होती. तिच्यावरील विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला 'वीजळी' म्हणत. गुजराती लोकगीतांत ती याच नावाने स्मरणात राहिली आहे.

मुंबईत बांधलेली पुनर्नामित जहाजे

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील पारशी जहाजबांधणीकारांनी सागवानी जहाजे बांधली. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले. जहाजाच्या तळकण्याची उभारणी सुरू होताना त्यात चांदीचा खिळा ठोकण्याचा विधी या गोदीत होत असे. जहाजाच्या कल्याणासाठी तो आवश्यक मानला जाई.

जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही ब्रिटिश आरमाराची नौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. १८९७ मध्ये ती भंगारात जाण्याच्या बेतात असताना एका ब्रिटिश धनिकाने ती विकत घेतली. त्याचे 'फूद्रोयाँ' हे प्रशिक्षण जहाज त्याच वर्षी वादळात नष्ट झाले होते. त्याने नव्याने घेतलेल्या जहाजाला तेच नाव दिले. बुडालेल्या जहाजाचे नाव घेणे खलाशी परंपरेत दुहेरी अशुभ ठरावे. पण ही नौका अनेक दशके प्रशिक्षणासाठी वापरली गेली. १९९२ मध्ये तिला मूळ नाव परत मिळाले. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती आज संग्रहालय म्हणून तरंगत आहे.

१८१३ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेल्या 'कॉर्नवॉलिस' या ७४ तोफांच्या जहाजावर २९ ऑगस्ट १८४२ रोजी ब्रिटन व चीन यांच्यात नानकिंगचा तह झाला. १९१६ मध्ये त्याचे नाव 'वाइल्डफायर' असे करण्यात आले.

भारतीय नौदल

स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय नौदलातील अनेक प्रमुख युद्धनौका पुनर्नामित होत्या. 'दिल्ली' ही क्रूझर मूळची 'अकिलीस' होती. तिने १९३९ च्या रिव्हर प्लेटच्या लढाईत भाग घेतला होता. 'म्हैसूर' ही पूर्वीची 'नायजेरिया'. 'हर्क्युलिस' या नावाने पाण्यात उतरलेली, पण ब्रिटिश आरमारात कधीच दाखल न झालेली विमानवाहू नौका ४ मार्च १९६१ रोजी 'विक्रांत' या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिने महत्त्वाची कामगिरी बजावली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. पुढे ती मुंबईत काही काळ संग्रहालय म्हणून होती.

'विराट' हिचे नाव दोनदा बदलले. बांधणीच्या काळातील तिचे नियोजित नाव 'एलिफंट' होते. १९४५ मध्ये ते 'हर्मीस' करण्यात आले आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती त्याच नावाने लढली. १२ मे १९८७ रोजी 'विराट' या नावाने ती भारतीय सेवेत आली व ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत निवृत्त झाली. 'विक्रमादित्य' ही याआधी 'बाकू' व 'ॲडमिरल गोर्श्कोव्ह' या नावांनी सोव्हिएत व रशियन नौदलात होती.

निवृत्त नौकेचे नाव नव्या नौकेला देण्याचीही नौदलात परंपरा आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे दाखल झालेल्या स्वदेशी विमानवाहू नौकेला 'विक्रांत' हेच नाव देण्यात आले. येथे नौका नष्ट होते, पण नाव पुढे चालते.

नव्या युद्धनौकेला बांधणीच्या काळात यार्ड क्रमांक असतो. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'विशाखापट्टणम' ही नौका यार्ड १२७०४ म्हणून ओळखली जात होती. जलावतरणाच्या वेळी एक महिला नौकेची पूजा करून नारळ वाढवते व नाव जाहीर करते. या प्रसंगी अथर्ववेदातील मंत्रांचे पठन होते.

कायदा व ओळख

नाव बदलण्यावर श्रद्धेइतकेच कायद्याचेही बंधन आहे. जहाजावर कर्ज, गहाण, विमा व खलाशांचा पगार यांचे दावे असतात. नाव सहज बदलता आले तर देणी बुडवणे सोपे होईल. म्हणून १८९४ च्या ब्रिटिश व्यापारी नौवहन कायद्याने नोंदणीकृत नावाखेरीज अन्य नावाने जहाजाचा उल्लेख करण्यास मनाई केली आणि नामांतरासाठी लेखी परवानगी आवश्यक ठरवली. भारताच्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यानेही हेच तत्त्व स्वीकारले.

मोठ्या व्यापारी जहाजांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सात अंकी क्रमांक असतो. १९८७ मध्ये सुरू झालेली ही पद्धत १९९६ पासून सक्तीची आहे. नाव, मालक किंवा ध्वज बदलला तरी हा क्रमांक बदलत नाही. भंगारात निघालेल्या जहाजांची नावे शेवटच्या प्रवासापूर्वी अनेकदा बदलतात. जुन्या नावातील काही अक्षरांवर रंग फासून उरलेली अक्षरे हेच नवे नाव केले जाते. अशा वेळी जहाजाची खरी ओळख या क्रमांकावरूनच पटते.

खलाशांच्या दृष्टीने हा प्रश्न पोटाचा आहे. भारताच्या २०१७ च्या सागरी दावे कायद्यानुसार थकीत वेतनाचा सागरी धारणाधिकार जहाजावरच राहतो. मालकी, नोंदणी किंवा ध्वज बदलल्याने तो नष्ट होत नाही. इतर धारणाधिकारांची मुदत एक वर्षाची असली तरी वेतनाबाबत ती दोन वर्षांची आहे. असे दावे मुंबई उच्च न्यायालयातही चालतात.

मासेमारी नौकांच्या बाबतीत २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर ओळखीचे नियम कडक झाले. हल्लेखोर 'कुबेर' ही भारतीय मासेमारी नौका बळकावून तिच्यातून मुंबईच्या किनाऱ्याजवळ आले होते. त्यानंतर देशभर एकसमान नोंदणी व राज्यनिहाय रंगसंकेत लागू करण्यात आले. महाराष्ट्रातील नौकांच्या नोंदणी क्रमांकात देशाची व राज्याची आद्याक्षरे असतात.

समुद्रापासून दूर असलेल्या जलाशयांवरील यांत्रिक नौकांनाही नोंदणी आवश्यक आहे. त्यासाठीचा १९१७ चा कायदा रद्द होऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला. सातारा जिल्ह्यात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात बामणोली व तापोळा येथून लाँच चालतात. पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना लागणाऱ्या वेण्णा तलावात नौकाविहार चालतो. हा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधवून घेतला.

समजुतीची कारणमीमांसा

या समजुतीमागे काही व्यावहारिक कारणे सांगता येतात. बंदरातील वाटाडे, सावकार व व्यापारी नौकेला तिच्या नावाने ओळखत; नाव बदलले की तिची पतही पुन्हा कमवावी लागे. पुनर्नामित नौका बहुधा जुन्या, दुरुस्त केलेल्या किंवा शत्रूकडून पकडलेल्या असत, त्यामुळे त्यांना अपघाताचा धोका मुळातच अधिक असे. नाव बदलणाऱ्या मालकाला काही लपवायचे असावे, असा संशयही घेतला जाई. शिवाय 'मेरी सेलेस्ट'सारखी दुर्घटना कथारूपाने टिकते, तर नाव बदलूनही निर्धोक चाललेल्या असंख्य नौकांची कथा होत नाही.