थांबवलेले वय

आपल्या भाषेत 'वयात येणे' असा एक साधा शब्दप्रयोग आहे. मुलाला मिसरूड फुटते, आवाज फुटतो. मुलगी न्हातीधुती होते. हे कुणाला विचारून होत नाही. दिवस भरले की होते. पण हे वयात येणे औषधाने काही वर्षे थोपवता येते. ते थोपवायचे की नाही, हे मुलाने ठरवायचे, आईबापांनी, डॉक्टरांनी की सरकारने? या प्रश्नाने गेल्या काही वर्षांत इंग्लंड ढवळून निघाले. त्या औषधांना तिकडे 'प्युबर्टी ब्लॉकर्स' म्हणतात. आज त्यांच्याविषयीच्या सरकारी धोरणाची हकिगत सांगायची आहे.

मी डॉक्टर नाही. इतिहास हा माझा विषय. इतिहासाच्या माणसाला एक खोड असते. निर्णय बरोबर की चूक हे विचारण्याआधी तो विचारतो, याचे दप्तर कुठे आहे?

गोष्ट सुरू होते कत्तलखान्यातून आणलेल्या जनावरांच्या मेंदूंपासून. अमेरिकेत रॉजर गिलमँ मेंढ्यांच्या आणि अँड्र्यू शॅली डुकरांच्या मेंदूंवर काम करीत होते. तारुण्याची चक्रे फिरवणारे मेंदूतील संप्रेरक १९७१ मध्ये हाती लागले. १९७७ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या संप्रेरकाची गंमत अशी की ते थांबून थांबून स्रवते तेव्हाच काम करते. दारावरची घंटा मधून मधून वाजली तर कुणी उठून दार उघडते. ती सारखीच वाजत राहिली तर घरातले लोक तिकडे लक्ष देईनासे होतात. तसेच त्या संप्रेरकासारखे औषध शरीरात सतत राहिले, की पुढच्या ग्रंथी काम थांबवतात. १९८० च्या दशकाच्या आरंभी हे औषध अगदी लहानपणीच वयात येऊ लागलेल्या मुलांना देण्यात आले. योग्य वय आले की औषध बंद करायचे आणि निसर्गाला वाट मोकळी करून द्यायची. हा उपयोग आजही चालू आहे.

१९९० च्या दशकात नेदरलँड्समधील डॉक्टरांनी त्याच औषधाला वेगळे काम दिले. काही मुलांना जन्मतः नोंदवलेले आपले लिंग आपले वाटतच नाही. वयात येताना बदलणारे शरीर त्यांना असह्य होते. अशा मुलांना विचार करायला सवड मिळावी म्हणून बदल थोपवावेत, अशी ती कल्पना. नियम कडक होते. लहानपणापासून हीच भावना असावी, गंभीर मानसिक आजार नसावा. औषध बाराव्या वर्षानंतर, संप्रेरके सोळाव्यानंतर, शस्त्रक्रिया अठराव्यानंतर.

इंग्लंडमध्ये अशा मुलांसाठीचे केंद्र १९८९ मध्ये लंडनला सुरू झाले आणि पुढे टॅव्हिस्टॉक या संस्थेत गेले. सोळा वर्षांखालील मूल समजूतदार असेल तर ते स्वतः उपचारांना संमती देऊ शकते, हे तिथल्या सर्वोच्च पीठाने १९८५ च्या गिलिक खटल्यात मान्य केलेच होते. तरीही हे केंद्र बरीच वर्षे सोळाच्या आत औषध देत नसे. २०११ मध्ये १२ ते १५ वयाच्या ४४ मुलांवर एक अभ्यास सुरू झाला. त्याचा निष्कर्ष हाती येण्याआधीच, २०१४ मध्ये, कमी वयात औषध देणे हा नित्याचा उपचार झाला. निष्कर्ष बाहेर आला तो डिसेंबर २०२० मध्ये. ४४ पैकी ४३ जण पुढे संप्रेरकांकडे वळले होते. निवड अचूक होती म्हणून असे झाले, की औषधानेच पुढची वाट आखून दिली? तुलनेला दुसरा गट नसल्याने ते सांगता येईना.

दरम्यान दारातली गर्दी वाढत होती. २०११-१२ मध्ये वर्षाला अडीचशेहून कमी मुले येत. २०२१-२२ मध्ये पाच हजारांहून अधिक. पहिल्या भेटीलाच दोन वर्षांहून अधिक थांबावे लागे. सवड देणाऱ्या औषधासाठी थांबण्यातच वय निघून जाई.

मग प्रकरण न्यायालयात गेले. किरा बेल या तरुणीला सोळाव्या वर्षी हे औषध मिळाले होते आणि पुढे तिला पश्चात्ताप झाला. इतक्या लहान मुलांना अशा उपचारांना खरी संमती देता येणे कठीण आहे, असे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये म्हटले. सप्टेंबर २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. हे ठरवणे डॉक्टरांचे काम, न्यायालयाचे नव्हे, असे त्याचे म्हणणे.

शेवटी दप्तर तपासायचे काम बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कॅस यांच्याकडे आले. त्यांचा अंतिम अहवाल एप्रिल २०२४ चा. त्यांच्यासाठी यॉर्क विद्यापीठाने या औषधांवरील ५० अभ्यास पाहिले. उच्च दर्जाचा निघाला एक. उपचार घेतलेल्या सुमारे नऊ हजार मुलांचे पुढे काय झाले, हे शोधायचे ठरले. त्यासाठी प्रौढांच्या सात दवाखान्यांची मदत हवी होती. सहांनी ती दिली नाही.

मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवेने हे औषध नित्याच्या उपचारातून काढले होतेच. मे महिन्यात हुजूर पक्षाच्या सरकारने खासगी डॉक्टरांकडून ते मिळण्यावरही तात्पुरती बंदी घातली. जुलैमध्ये सत्तांतर झाले, पण बंदी टिकली. मजूर पक्षाच्या सरकारने ती ११ डिसेंबर २०२४ रोजी बेमुदत केली आणि २०२७ मध्ये फेरविचाराचे ठरवले. आधीपासून औषध घेणाऱ्यांना ते चालू ठेवण्याची मुभा होती आणि संशोधनाचे दारही उघडे ठेवले गेले.

अनेक कुटुंबांना हा अन्याय वाटला. पुरावा तोकडा आहे म्हणजे अपाय सिद्ध झाला असे नव्हे, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. एकदा फुटलेला आवाज पुन्हा कोवळा होत नाही. त्यामुळे काहीच न करणे हाही एक निर्णयच. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या संघटनेच्या कौन्सिलनेही जुलै २०२४ मध्ये, कॅस यांच्या शिफारशींची अंमलबजावणी थांबवावी, असे म्हटले. दुसऱ्या बाजूला, या औषधाने वाढत्या वयात हाडांची घनता हवी तशी वाढत नाही. आणि पुढे संप्रेरकेही घेतली तर अपत्यप्राप्तीचा प्रश्न उभा राहतो, हेही खरे आहे.

मला यात कुणी खलनायक दिसत नाही. दुःखी मुलाला हात द्यावा असे वाटणारे डॉक्टर दिसतात आणि घाबरलेले आईबाप दिसतात. दिसत नाही ते दप्तर. १९८९ पासून प्रत्येक मुलाची पुढची दहा वर्षे नीट लिहून ठेवली असती, तर सरकारला आधी मोकळीक आणि मग बंदी, अशी टोके गाठावी लागली नसती. नोंद ठेवायला कुणी सवड काढली नाही; आणि ज्याच्या हाती सवड सर्वांत कमी, त्या चौदा वर्षांच्या मुलाला मात्र सांगावे लागले, की बाळा, थांब, आम्हाला अजून कळलेले नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)