दळणाचा तास

आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, जातं आता नळाखाली आहे. वरच्या तळीवर पाय ठेवून नातवंडं चिखल धुतात. खुंटा कधीच गेला. त्याच्या भोकात पाणी साचतं आणि सकाळी चिमण्या येऊन पितात. १९७९ साली मी या घरात सून म्हणून आले तेव्हा हेच जातं ओसरीच्या कोपऱ्यात होतं. भाकरीचं पीठ तेव्हाच गिरणीतून यायला लागलं होतं, जात्यावर फक्त डाळ भरडायची. मुलीच्या लग्नाचं वय अठरा करणारा कायदा १९७८चा. मी आले तेव्हा मला सतरावं सरलेलं. कुणी विचारलं नाही आणि मलाही ठाऊक नव्हतं.

आमचं पडेगाव तेव्हा गावच होतं. छावणी संपली की दौलताबादच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी शेतं लागायची. आता शहर मिटमिट्याच्या पुढं सरकलंय आणि आम्ही मधेच कुठंतरी आहोत. इथला इतिहास म्हटलं की लोक देवगिरीच्या यादवांपासून सुरुवात करतात. मला एवढंच सांगायचंय की या बाजूच्या वयात आलेल्या पोरी मन मोकळं करायला कुठं बसत आल्या. याची नोंद कुणी ठेवलेली नाही. मी आयुष्यभर अंगणवाडी चालवली, म्हणून थोडं माहीत आहे.

आत्याबाईंचं लग्न नवव्या वर्षी झालं, निजामाच्या राज्यात. मुलीच्या लग्नाचं वय चौदा करणारा शारदा कायदा १९२९चा, १ एप्रिल १९३०पासून लागू झालेला. पण तो ब्रिटिश मुलखाचा होता, हैदराबाद संस्थानात तो आपोआप चालत नव्हता. तेराव्या वर्षी त्यांना पदर आला, मखरात बसवलं, ओटी भरली आणि नांदायला पाठवलं. मखरातला फोटो काढायची सोय नव्हती, पण त्या दिवशीच्या हिरव्या लुगड्याचं वर्णन त्या ऐंशीव्या वर्षीही करायच्या. पुढच्या वर्षाबद्दल विचारलं की म्हणायच्या, दिवसा मी मुकीच होते.

तोंड उघडायचं ते पहाटे, जात्यावर. समोर थोरली जाऊ. दोघींचा एकेक हात खुंट्यावर, दुसऱ्या हातानं आलटून पालटून वैरण टाकायची. ज्वारी मूठभर पडते, घरघर सुरू होते आणि त्या घरघरीत हळू बोललेलं पलीकडच्या खोलीत जात नाही. डोळे जात्याच्या तोंडाशी ठेवावे लागतात, म्हणजे समोरच्या माणसाकडं बघायचीही सक्ती नाही. पुरुष झोपलेले. आणि काम चालू असल्यामुळं ‘दोघी काय बोलत बसल्यात’ असं कुणी म्हणू शकत नाही. या वयाच्या मुलीला बोलतं करायला जे जे लागतं ते सगळं त्या दगडाभोवती आपोआप जमून यायचं. कुणी ते ठरवून केलेलं नव्हतं.

ओवीचं तर त्याहून शहाणपणाचं होतं. ती म्हणायची जात्याला, विठ्ठलाला, जनाबाईला, नाहीतर दूर असलेल्या भावाला. सासूचं नाव त्यात येत नाही. पण सासू जागीच असायची, ऐकायची आणि समजायची. आत्याबाईंना माहेरची आठवण अनावर झाली की दोन-चार दिवस त्या भावावरच ओव्या म्हणत. मग एका सकाळी सासू आपणहून म्हणायची, पंचमीला धाडू हिला. तक्रार न करता तक्रार पोचायची. अशा ओव्या गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून गोळा केल्या, त्यांची संख्या लाखावर गेली. विद्वान त्यात काव्य बघतात, आणि आहेच ते. मला त्यात अर्ज दिसतात.

आमच्या गल्लीतल्या मुसलमान घरांत हेच दुसऱ्या भाषेत चालायचं. दख्खनी सुफींनी तर जात्यावर म्हणायच्या गाण्यांचा एक प्रकारच बांधला, चक्कीनामा. सुफींच्या खुलताबादला जाणारा रस्ता आमच्या दारावरून जातो, त्यामुळं मला याचं नवल वाटत नाही. नवल वाटतं ते पाणचक्कीचं. अठराव्या शतकापासून ती शहरात फिरत होती, नहरीच्या पाण्यावर फकिरांचं आणि शिपायांचं धान्य दळत होती. काही मैलांवर पडेगावच्या बायका मात्र पुढची दोनशे वर्षं हातानंच दळत राहिल्या.

आता कुणी म्हणेल, बाई जात्याचे गोडवे गातायत. अजिबात नाही. पहाटे तीनला उठून पायलीभर ज्वारी दळायची, मग आडावर, मग शेणगोठा. आत्याबाईंच्या तळहाताचे घट्टे मी पाहिलेत. शिवाय ओवीनं एकही लग्न थांबलं नाही, एकही मार चुकला नाही. ज्या दिवशी गावात गिरणी आली त्या दिवशी आत्याबाईंनी गिरणीला नारळ फोडला होता, आणि बरोबर केलं होतं.

पण गिरणीनं काम नेलं तसा तो तासही नेला. मागोमाग नळ आला, पाणवठ्यावरचा तास गेला. दगडाच्या जागी गिरणी आली, आडाच्या जागी नळ आला, तासाच्या जागी काही आलं नाही.

आणि नेमकं त्याच वेळी घरात एक नवं वय आलं. पूर्वी मुलगी पदर आला की नांदायला जायची. मधली वर्षं नव्हतीच. आता ती बारा ते अठरा घरीच राहायला लागली, शाळेत जायला लागली. या वयाला आमच्या बोलीत धड शब्द नव्हता. ‘वयात आलेली’, ‘उजवायला आलेली’, नाहीतर आईच्या तोंडी ‘घोडी’. ‘किशोरी’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो सरकारी रजिस्टरवर. २००० साली किशोरी शक्ती योजना आली, तिच्या कागदांवर. वजन, उंची, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या किती दिल्या, सही. रकाने चांगले होते, मी ते नेमानं भरले. पोरी यायच्या, काट्यावर चढायच्या, उतरायच्या, जायच्या. मन कसं आहे याला रकाना नव्हता. २०१४च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्य आलं, ‘मैत्री’ नावाची केंद्रं निघाली. पण केंद्रात जायचं तर घरी काय सांगून जायचं, ही पोरीची अडचण कुठल्या परिपत्रकात नसते.

माझं माहेर पैठण तालुक्यातलं, पाचोडजवळचं. तिथं डॉ. अशोक दयालचंद यांच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक साधीच गोष्ट केली. लग्न न झालेल्या, बऱ्याचशा शाळा सुटलेल्या मुलींसाठी गावात रोज संध्याकाळी एक तास. वर्षभर. शिकवायला बाहेरची मॅडम नाही. गावातलीच सातवी-आठवी शिकलेली बाई. काय शिकवायचं ते आईबापांशी बोलून ठरवलेलं. १९९७ ते २००१ या काळात तिथल्या मुलींचं लग्नाचं वय सोळाचं सतरा झालं. हे मधलं वय, म्हणजे निम्म्या मुली त्याच्या आत, निम्म्या पुढं. ऐकायला एकच वर्ष. ज्यांनी सोळाव्या वर्षी संसार सुरू केलाय त्यांना विचारा, एक वर्ष म्हणजे किती. माझी भाची त्या वर्गाला जायची. काय शिकलीस विचारलं तर तिला फारसं सांगता आलं नाही. म्हणाली, आई म्हणायची क्लासला जा, मग आम्ही जायचो. मला तेवढ्यात सगळं कळलं. संध्याकाळी घराबाहेर पडायला घरच्यांना पटेल असं कारण मिळालं होतं.

हे कळलं तरी वळायला मला वेळ लागला. काही वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका नववीतल्या मुलीची रोज दिवेलागणीला दातखीळ बसायची. अंगारे झाले, उतारे झाले, एका बाबानं बाहेरचं आहे म्हणून सांगितलं. आई तिला माझ्याकडं बसवून गेली. मी तेव्हा अंगणवाडीची मटकी निवडत होते. एक ताट तिच्यापुढं सरकवलं. दोघी निवडत बसलो. खडे एकीकडं, किडकी एकीकडं. बराच वेळ झाल्यावर मान वर न करता ती म्हणाली, मामाच्या पोराशी ठरवलंय. मी ताट खाली ठेवलं, तिच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, कधी गं? झालं. ती उठून गेली आणि पंधरा दिवस फिरकली नाही.

पुन्हा आली तेव्हा मी हात थांबवला नाही. ती बोलत राहिली, मी खडे काढत राहिले. तेवढंच ताट मी त्या दिवशी तीनदा निवडलं. नंतर आशाताईला घेऊन तिच्या आईकडं गेले, घाटी रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत तिला आईसोबत नेलं. मटकी निवडून सगळं बरं होतं असा माझा दावा नाही; डॉक्टर लागतात तिथं डॉक्टरच लागतात. तिला गोळ्या लागल्या नाहीत, बोलायला मात्र सहा महिने जावं लागलं. लग्न बारावीपर्यंत पुढं गेलं. पुढं काय झालं ते तिचं आहे, मी लिहिणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या आकड्यांत राज्यात विशी ते चोविशीच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसतं. परभणी जिल्ह्यात हाच आकडा ४८ टक्के आहे. ऊसतोडीला कोयत्यावर जाणारे आईबाप वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवणार, हा त्यातला मोठा भाग. पण ज्यांची लग्नं थांबली त्यांचंही सगळं सुरळीत नाही. माझ्याकडं येणाऱ्या पोरींची दुखणी आता वेगळी आहेत: फोटो कुणी पुढं पाठवला, दहावीत किती पडले, बाप पिऊन येतो, मैत्रीण बोलत नाही. दुखणी बदलली, मान खाली घालून बोलायची रीत तीच आहे. टेलिमानसचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८, दोन्ही नंबर मी भिंतीवर लिहून ठेवलेत. फोन रात्रीही लागतो, तो उपयोगाचा आहे. फक्त पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो भावाच्या खिशात असतो.

गुडघ्यांनी जबाब दिल्यावर मी अंगणवाडीचं काम सोडलं. आता सोमवार ते शुक्रवार, पाच ते सहा, आमच्या ओट्यावर आठ-दहा पोरी बसतात. गल्लीतल्या घरांची डाळ, तांदूळ, मटकी निवडायला आणतात. आयांना वाटतं कामाला लावलंय, म्हणून पाठवतात. पण ओट्याला छप्पर नाही आणि पावसाळ्यात चार महिने हा तास बुडतो. पडेगावात, मिटमिट्यात, छावणीच्या अलीकडं कुणाकडं संध्याकाळी रिकामी असणारी खोली असेल तर कळवा. भाडं देता येणार नाही. दळण मात्र निवडून देऊ.