ल्यूटचे सूर आणि एक अपूर्णांक

ऐंशी वर्षें जगलेल्या ल्यूटवादकाचीं साठ वर्षें तरी सूर लावण्यांतच गेलेलीं असतात, असा टोमणा हँबर्गचा संगीतज्ञ योहान मॅथेसन यानें १७१३ सालीं मारला. एर्न्स्ट गोटलीब बारोन या वादकानें १७२७ सालीं त्याला ग्रंथरूपानें उत्तर दिलें. टोमण्यांत अतिशयोक्ति होती. परंतु तो अगदींच निराधार नव्हता.

ल्यूट हें अरबी ऊदपासून युरोपांत निपजलेलें वाद्य. त्याची पाठ लांकडाच्या पातळ पट्ट्यांची व फुगीर. तारा धातूच्या नव्हेत, तर जनावरांच्या आंतड्यांपासून केलेल्या तांतीच्या. दमट हवेंत तांत सूर सोडी. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांतील गायक टॉमस मेस यानें १६७६ सालीं यावर तोड सुचविली ती अशी कीं, वाद्य दिवसा रोजच्या वापरांतल्या बिछान्यांत पांघरुणाखालीं ठेवावें. चादरींच्या मध्यें मात्र नको, कारण त्यांत ओल असण्याचा संभव.

ओलाव्याला उपाय होता. खरी अडचण गणितांत होती. सोळाव्या शतकांतील ल्यूटला साधारणपणें तारांचे सहा संच असत. शेजारशेजारच्या संचांमध्यें चार ठिकाणीं षड्ज-मध्यमाचें अंतर व मधल्या एका ठिकाणीं षड्ज-गांधाराचें. पहिल्या व शेवटच्या संचांत बरोबर दोन सप्तकें भरलीं पाहिजेत. आतां कानाला शुद्ध वाटणारा मध्यम ४/३ या प्रमाणाचा व गांधार ५/४ या प्रमाणाचा. चार मध्यम व एक गांधार यांचा गुणाकार ३२०/८१ येतो. दोन सप्तकांना ३२४/८१ लागतात. फरक उरतो तो ८१/८०. आपल्याकडील श्रुतिचर्चेंत यासच प्रमाणश्रुति म्हणतात. म्हणजे वादकाचा कान जितका तयार, तितका तो अडचणींत! प्रत्येक जोडी निर्दोष जुळविली, तर दोन टोकें जुळत नाहींत.

पडद्यांनीं हा पेंच वाढविला. तेही तांतीचेच, दांडीभोवतीं बांधलेले. म्हणून सतारीच्या पडद्यांप्रमाणें सरकवितां येत. परंतु सतारीवर राग मुख्यतः एका तारेवर चालतो, त्यामुळें पडदा त्या रागाच्या स्वराला बांधतां येतो. ल्यूटवर अनेक तारा एकदम वाजत आणि एकच पडदा सर्वांच्या खालून जाई. एका तारेचा स्वर सुधारावा, तों दुसरीचा बिघडे.

फ्लॉरेन्सचा वादक विन्सेंझो गॅलिली हा ज्योतिषी गॅलिलिओचा पिता. त्याचा गुरु झार्लिनो शुद्ध प्रमाणांचा कट्टर पुरस्कर्ता. शिष्यानें १५८१ सालीं ग्रंथ लिहून त्याच्याशीं उघड वाद मांडला. त्या ग्रंथांत पडद्यांचा एक सोपा नियम आहे. तारेच्या लांबीचा अठरावा भाग सोडून पहिला पडदा बांधावा, उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून दुसरा, आणि असेंच पुढें. तार साठ सेंटिमीटरची धरल्यास बारावी जागा मध्याच्या सुमारें दोन मिलिमीटर अलीकडे पडते, म्हणजे स्वर किंचित् उतरतो. पण बोटानें दाबतां तार ताणली जाऊन तो किंचित् चढतो, आणि उणीव बरीचशी भरून निघते.

या नियमानें ८१/८० नाहींसा झाला नाहीं. तो होणेंही शक्य नव्हतें. तो कोणा एका तारेच्या माथीं न मारतां सर्वांनीं थोडाथोडा सोसावा, एवढीच त्यानें व्यवस्था केली. आजच्या गिटारवरील पक्के पडदेही जवळजवळ याच अंतरांवर बसविलेले असतात.