आल्या शिध्यावर चाललेली पंगत

या शताब्दी अंकात दिंडीच्या वीणेकऱ्यांवर, भजनाच्या चालींवर जाणकार मंडळींनी लिहिलं आहे. माझ्या वाट्याला चूल आली. माझं शिक्षण चौथी. औत धरणं आणि कीर्तनाला उभं राहणं एवढंच मला येतं. पण दिंडीत लहानपणापासून चालतो, आणि कोठीच्या जुन्या वह्या आमच्या माळवदावर होत्या त्या यंदा सगळ्या वाचून काढल्या. वीणा खांद्यावर असते ती सगळ्यांना दिसते. चूल पालाच्या मागं असते. शंभर वर्षं दिंडी चालली ती वीणेवर जेवढी, तेवढीच चुलीवर चालली.

पहिल्यानं एक गोष्ट सांगतो. आपण म्हणतो, दिंडीचं जेवण परंपरेचं. खरं आहे. पण परंपरा म्हणजे काय, ते बघा. माउलींनी शके १२१२ ला ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हा या मुलखात मिरची नव्हती. तिखटाला मिरी होती. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजातून समुद्रापलीकडून आली. भुईमुगाची शेंग, बटाटा, टोमॅटो हेही तिकडूनच आलेले. म्हणजे ज्याला आपण वारकऱ्याचा ठेचा-भाकर म्हणतो, त्यातला ठेचा माउलींनी पाहिला नाही, नामदेवरायांनीही पाहिला नाही. उपासाचा साबुदाणा तर त्याहून नवा. तो तामिळनाडूत सेलमच्या बाजूला कंदापासून करतात, आणि ते कारखाने १९४० नंतर वाढले. आपल्या पहिल्या वहीत एकादशीपुढं साबुदाणा हा शब्दच नाही. तिथं भगर आहे, रताळी, शेंगदाणे आणि गूळ आहे. सांगायचं एवढंच, की वारीत कुठला पदार्थ कायमचा नाही. जे हाताशी आलं त्याचं अन्न करायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं, एवढी रीत मात्र कायमची आहे.

ही रीत संतांच्या चरित्रातही आहे. शके १५५२ च्या, म्हणजे १६३० च्या दुष्काळात तुकोबारायांच्या घरी काय झालं ते आपण कीर्तनात ऐकतो. वाणी-सावकारीचं घर, आणि त्याच घरातली माणसं अन्नावाचून गेली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारं लोकांना उघडी केली, आणि त्याची भरपाई करायला देव विठू महार होऊन बिदरला गेला, ही कथा बायाबापड्यांनाही तोंडपाठ आहे. द्रौपदीच्या थाळीतलं भाजीचं पान, विदुराघरच्या कण्या, सुदाम्याचे पोहे, ह्या सगळ्या जवळ थोडं असताना केलेल्या जेवणाच्या कथा आहेत. आणि आषाढी पौर्णिमेला आपण गोपाळपूरला काला करतो तो काय आहे? ज्याच्या त्याच्या शिदोरीत जे असेल ते एकात कालवलं. कुणाची शिदोरी चांगली, कुणाची शिळी, तिथं ते विचारायचं नसतं.

आता आपल्या दिंडीकडं येतो.

दिंडी सुरू झाली तेव्हा सामान बैलगाडीत होतं. आळंदीहून पंढरपूर अठरा-वीस दिवसांची वाट. आपलं गाव कोरडवाहू. गावात बाजरी, हुलगा, मटकी पिकायची, पण पहिल्या वहीत बाजरी फार कमी दिसते. त्याचं कारण जुन्या माणसांनी सांगितलं. बाजरीचं पीठ आठ दिवसांत कडू होतं. आषाढाची सर्द हवा, त्यात ते टिकत नाही. म्हणून ज्वारी न्यायची, तीही सगळी दळून न्यायची नाही. थोडं पीठ आणि बाकी दाणे. पीठ संपलं की मुक्कामाच्या गावात कुणाच्या तरी जात्यावर बाया दळायला बसायच्या. ज्याच्या घरचं जातं, त्याला ओव्या ऐकायला मिळायच्या. गिरण्या झाल्या तसं ते बंद पडलं.

कडधान्यं भाजून न्यायची. भाजलेल्या हुलग्याला कीड लागत नाही. येसूर डब्यात भरून असायचा. धान्य आणि मसाला भाजून दळलेला, म्हणून तो महिना महिना टिकतो. भाजी मिळाली नाही तर आधणात येसूर सोडला की आमटी झाली. पावसात भिजून आलेल्यांना हुलग्याचं माडगं. दिवे घाट चढताना एकादशी असते, पोटात उपास आणि अंगावर पाऊस. त्या दिवशी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. दुसऱ्या दिवशी सासवडला द्वादशीचं पारणं. तिथं मात्र वरणभात हवाच, हे वहीत दर वर्षी न चुकता लिहिलेलं आहे.

त्या वह्यांत माप पायली-शेराचं आहे. चार शेरांची पायली. ‘हुलगे २ पायली, कुणाकडून : माहीत नाही’ अशी एक ओळ आहे, ती मला फार आवडली. शिधा कुणी दिला ते माहीत नाही, पण आला आणि शिजला. साठच्या सुमाराला वहीत किलो आले.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी रेशन आलं, शेतकऱ्याकडून धान्याची लेव्ही घेऊ लागले. घरातच मोजून दाणे, मग दिंडीला कुठून देणार? त्या वर्षांच्या वह्यांत शिध्याची पानं निम्म्यावर आली आहेत, पण नावं वाढली आहेत. आधी दहा घरं एकेक मण देत होती, नंतर साठ-सत्तर घरं ओंजळ-ओंजळ देऊ लागली. ओंजळीत सगळं एकजातीचं येत नाही. कुणाची मूग, कुणाची मटकी, कुणाचे चार मूठ तांदूळ. वेगवेगळं शिजवायला ना भांडी ना सरपण. तिथून मिसळीची खिचडी सुरू झाली, ती आजही आपल्या दिंडीत बुधवारची आहे. हौसेनं नाही, अडचणीतून आलेली आहे.

आता जे लिहितो ते काहींना आवडणार नाही. पण शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा तर लिहिलं पाहिजे.

आपल्या दिंडीत सुरुवातीला एक चूल नव्हती. तीन चुली होत्या. भजनाला सगळे एकत्र, एकमेकांच्या पाया पडायचे, माउली म्हणायचे, आणि जेवायला बसताना आपापल्या जातीच्या चुलीकडं जायचे. गावकुसाबाहेरची माणसं दिंडीच्या शेवटाला चालायची आणि त्यांचा शिधा वेगळा शिजायचा. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केलं आणि विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना उघडं झालं. देवाचा उंबरा मोकळा झाला. आपल्या चुली मात्र त्यानंतरही वेगळ्याच राहिल्या. कीर्तनात चोखोबांचं चरित्र रंगायचं, आणि कीर्तन संपलं की पंगती तीन.

त्या चुली एक झाल्या त्या १९७२ च्या दुष्काळानं. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. शाळा सुटलेली, घरची सगळी खडी फोडायला. कामावर सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेची तांबडी ज्वारी आली, तिला मिलो म्हणत. त्या पिठाला विरी नव्हती. भाकरी थापायला घेतली की काठवटीतच तुटायची. त्याच्या पुढच्या आषाढीला दिंडी निघाली तेव्हा शिध्यात मिलोच मिलो. तीन चुलींना पुरेल एवढं सरपणही नव्हतं, कारण झाडंझुडपं आधीच गुरांनी आणि माणसांनी संपवली होती.

आणि मिलोची भाकरी करायची कला कुणाला येत होती? ज्यांना आयुष्यभर हलकं, पडेल ते धान्य खावं लागलं, त्यांना. शेवटच्या चुलीवरच्या एका आजींनी पीठ उकळत्या पाण्यात टाकून उकड काढली, झाकून ठेवली, मग मळली. भाकरी अखंड निघाली. दोन दिवस बाकीच्या चुलींवर तुकडे खाल्ले. तिसऱ्या दिवशी वरच्या आळीतली एक बाई परात घेऊन तिकडं गेली आणि म्हणाली, “मला बी दावा की.” आजी म्हणाल्या, “दाविते. पण बस हितं, लांबून नाय दिसायचं.” ती बसली. तिच्यामागं दोघी गेल्या. लोणंदच्या पुढं एकच चूल पेटू लागली. कुणी ठराव केला नाही, कुणी भाषण केलं नाही. काही घरं रागावून दुसरीकडं गेली, हेही खरं. दोन वर्षांनी त्यातली बरीच परत आली. वहीत त्या साली फक्त एवढंच आहे : ‘सरपण कमी. चूल १.’

मी कीर्तनकार आहे, म्हणून हे लिहिताना विचार करतो. जे काम आमच्या कीर्तनानं इतक्या वर्षांत झालं नाही, ते उकडीच्या भाकरीनं केलं. भक्ती खोटी होती असं मी म्हणत नाही. पण घरात सगळं भरलेलं असतं तेव्हा माणूस दुसऱ्याच्या चुलीकडं बघत नाही. कमी पडलं म्हणजे शेजाऱ्याच्या हातातलं शहाणपण दिसतं.

आता कोठीचं शास्त्र थोडं लिहून ठेवतो, पुढच्या मुलांना उपयोगी पडेल.

नासणारं आधी, टिकणारं नंतर. गावानं पालेभाजी दिली तर त्याच रात्री. मग दोडका, वांगी. मग कोबी, भोपळा. बटाटा त्याच्या मागं. डाळ आणि कडधान्य शेवटाला राखून ठेवायचं. दोन वांगी, चार दोडके, मूठभर घेवडा असं तुटक आलं तर सगळं एकत्र चिरायचं, दाण्याचं कूट सढळ घालायचं. कूट सगळ्या भाज्यांना एक करतं.

पीठ किलोला आठ भाकरी धरायच्या. १५० माणसाला दोन दोन म्हणजे ३०० भाकरी, म्हणजे ३८ किलो पीठ काढायचं. ऐनवेळी माणसं वाढली तर भाकरी वाढत नाही, पिठलं वाढतं. पाणी आणि तिखट-मीठ वाढवा, गुठळी होऊ देऊ नका. आमटी कमी वाटली तर त्यात कणकेची फळं सोडा, आमटीचं जेवण होतं. शिळी भाकरी सकाळी कुस्करून फोडणीला. उरलेलं वरण पिठात मळून दशम्या, त्या वाटेत खायला. कांदेनवमीला कांदा संपवायचा, कारण पुढं चातुर्मास. तेव्हा दिंडी पंढरपूरच्या दाराशी आलेली असते आणि कोठीही तळाला आलेली असते. तळाच्या सामानात जी चांगला स्वयंपाक करते ती खरी कोठीवाली.

मधल्या काळात पुष्कळ बदललं. बैलगाडी जाऊन मालट्रक आला. तीन दगडांची चूल जाऊन गॅसची शेगडी आली. रस्ता रुंद झाला, वाटेवरची जुनी झाडं गेली, आता चुलीला दगडही शोधून मिळत नाही. पाणी टँकरचं. मी याला नावं ठेवत नाही. धुरानं आमच्या आया-मावश्यांचे डोळे गेले, ते मी पाहिलं आहे. २०२० आणि २०२१ ला तर पालखीच बसनं गेली. त्या दोन वर्षी आपण घरीच नेम केला, आणि दिंडीसाठी काढलेला शिधा गावात ज्यांची मजुरी बंद होती त्यांच्या घरी पोचवला. वारी झाली नाही, शिधा मात्र पोचला. हे वहीत लिहिलं आहे.

आता दिंडीपुढं एक प्रश्न आहे. काही तरुण मंडळींचं म्हणणं आहे की शंभर वर्षं झाली, आता शिधा गोळा करणं बंद करू, माणशी भिशी घेऊ आणि जेवणाचा ठेका देऊ. ठेकेदार रोज ठरलेलं ताट देईल, तक्रार राहणार नाही. त्यांचा हेतू चांगला आहे. कोठीला आता पाच-सहा बायकाच उरल्या, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. दिवसभर चालायचं आणि वर तीनशे भाकरी, हे सोपं नाही. भजनाला टाळ घेऊन उभे राहणारे आम्ही पुरुष त्या वेळी पालात पाय पसरून पडलेले असतो.

पण माझं मत वेगळं आहे. ठेक्याच्या ताटात ओंजळभर मटकी देणाऱ्या म्हातारीला जागा नाही. जिच्याकडं भिशीचे पैसे नाहीत पण हुलगे आहेत, ती दिंडीची कोण लागणार? ज्याच्याकडं काहीच नाही तो आज चालत येतो आणि पंगतीला बसतो, त्याला उद्या पावती विचारली जाईल. आणि वाटेत ऐनवेळी कमी पडलं तर काय करायचं, हे शहाणपण एका पिढीत विसरलं जाईल. दुष्काळ पुन्हा येणार नाही, असं कुणी लिहून दिलेलं नाही.

म्हणून माझी विनंती अशी. गॅस राहू द्या, टँकर राहू द्या, भाकरीचं मशीन घेता आलं तर तेही घ्या. पण शिधा घरोघरचाच राहू द्या. आणि पुढच्या वर्षापासून रोज दहा पुरुषांनी चिरायला, थापायला, वाढायला बसावं, पाळीपाळीनं. माझं नाव पहिल्या दिवशी लिहा. मला भाकरी येते, जरा जाड होते.

नवी वही आणली आहे. पहिल्या पानावर नाव नको, फक्त शिधा लिहायचा.

राम कृष्ण हरी.