ठासणीच्या बंदुकीची गोळी



इतिहासाचा शिक्षक म्हणून पुष्कळ वर्षें मीं १८५७ चें प्रकरण वर्गांत शिकविलें. उठावाचें तात्कालिक कारण मुलें दोन शब्दांत लिहीत : चरबीचीं काडतुसें. मीही पुरे गुण देत असें. एकदां मागल्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "पण गुरुजी, काडतुसाला चरबी लावायचीच कशाला?" मला उत्तर ठाऊक नव्हतें. 'परीक्षेला तें नाहीं' असें सांगून मीं त्याला खालीं बसविलें. निवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हां तें उत्तर मीं शोधून काढलें.

ठासणीच्या बंदुकींत सारें कांहीं तोंडाकडूनच भरावयाचें. आधीं दारू, मग गोळी, आणि गजानें दोन्ही तळाशीं ठासावयाचीं. नळी आंतून गुळगुळीत होती तोंवर निवडीचा प्रश्न बिकट नव्हता. नळीहून किंचित् लहान अशी शिशाची वाटोळी गोळी सुखानें खालीं उतरे. पण सुटतांना ती नळीच्या बाजूंवर आपटत बाहेर पडे, आणि शंभर यार्डांपलीकडे नेम हा बहुतांशीं दैवाचा भाग राही. नळींत पीळदार खाचा पाडल्या तर गोळी स्वतःभोंवतीं फिरत सरळ जाते, हें कारागिरांना फार पूर्वीं कळलें होतें. परंतु खाचांनीं पकडावी इतकी घट्ट गोळी तोंडाकडून उतरवावी कशी? १८०० च्या सुमारास इंग्रज फौजेनें स्वीकारलेल्या बेकर रायफलीबरोबर आरंभीं लांकडी हातोडी देत असत! तेलकट चिंधींत गुंडाळलेली गोळी शिपायानें ठोकीत बसावें, आणि शत्रूनें तोंवर दम धरावा!

जातांना सैल आणि येतांना घट्ट अशी गोळी हवी होती. नॉर्टन नांवाच्या इंग्रज कप्तानाला ही कल्पना दक्षिण हिंदुस्थानांत सुचली असें सांगतात. तेथील लोकांच्या फुंकनळींतील बाणाच्या बुडाशीं मऊ भेंड असे. फुंकर मारतांच तें फुगून नळीला चिकटे. १८३५ मध्यें ग्रीनर नांवाच्या बंदूककारानें तशीच फुगणारी गोळी करून दाखविली. ती नाकारण्यांत आली. पुढें १८४९ मध्यें फ्रान्सच्या मिनिए यानें लांबट गोळी केली. तिच्या बुडाशीं पोकळी, आणि पोकळींत लोखंडी वाटी. दारू पेटली कीं वाटी आंत घुसे आणि मऊ शिसें पसरून खाचांत बसे. इंग्लंडच्या सरकारनें मिनिएला वीस हजार पौंड दिले. ग्रीनरला १८५७ मध्यें एक हजार मिळाले. घरच्या माणसाची किंमत अशीच ठरते.

याच तत्त्वावर १८५३ ची एन्फील्ड रायफल निघाली. नळीचा व्यास ०·५७७ इंच, गोळी ५३० ग्रेनांची, दारू अडीच ड्राम, म्हणजे सुमारें अडुसष्ट ग्रेन. हे आंकडे मनास येतील तसे ठरविलेले नव्हते. शिसें शुद्धच हवें. कथील मिसळलें तर तें कठीण होऊन फुगत नाहीं. दारू कमी पडली तर गोळीचें बूड खाचांत बसत नाहीं. अधिक झाली तर मऊ शिशाची पातळ कड टिकत नाहीं. दाणाही पाहावा लागे, कारण बारीक दाण्याची दारू एकदम भडकते, जाड दाण्याची सावकाश पेटते. इंग्रजी दारूंत शंभरांत पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा आणि दहा गंधक असे. ही काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपानेंच उरतो. कांहीं धुरांत जातो, कांहीं नळीला कीट होऊन चिकटतो. कांहीं बार झाल्यावर सैल गोळीदेखील अडूं लागते.

म्हणून स्निग्ध पदार्थ हवा! एन्फील्डच्या काडतुसांत गोळीभोंवतींचा कागद चरबी व मेण यांनीं माखलेला असे. शिपायानें दारूकडील टोंक दांतांनीं तोडावें, दारू ओतावी, आणि माखलेल्या कागदासह गोळी नळींत ढकलावी. त्या स्निग्धतेनें कीट मऊ राही. दांत ज्या टोंकाला लागत तें माखलेलें नसे, हें खरें. पण चरबी कोणत्या जनावराची हें कोणी नीट सांगेना, तेथें टोंकाचा वाद कोण ऐकतो?

१८५३ मध्यें हीं काडतुसें हिंदुस्थानांत प्रथम आलीं, तीं हवा कशी मानवते हें पाहण्यासाठीं. फोर्ट विल्यम, कानपूर व रंगून येथें शिपायांच्या कमरेच्या पिशव्यांत तीं बाळगलीं गेलीं. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत कर्नल टकर यानें लेखी बजावलें होतें कीं, हा लेप जातिधर्माला बाधक नाहीं अशी खात्री झाल्यावांचून काडतुसें देशी पलटणींना देऊं नयेत. ताकीद दप्तरांत पडून राहिली. १८५७ च्या जानेवारींत शिपायांना स्वतःचा लेप वापरण्याची मुभा मिळाली, पुढें दांतांऐवजीं हातानें तोडण्याचा हुकूम निघाला. परंतु विश्वास उडाला होता. २४ एप्रिलला मेरठला नव्वदांपैकीं पंचाऐंशी स्वारांनीं काडतुसें नाकारलीं, आणि तीं तर जुन्याच प्रकारचीं होतीं!

पुढें दोनएक वर्षांत इंग्रजांनीं गोळीचा व्यास कमी केला आणि लेपासाठीं निव्वळ मधमाश्यांचें मेण स्वीकारलें.

तो मुलगा आतां कोठें आहे मला ठाऊक नाहीं. ऐकत असेल तर त्याच्या प्रश्नाचें हें उत्तर, फार उशिरा दिलेलें.