दुबळ्या संघाचा डाव : अमेरिकन फुटबॉलमधील चालींचे गणित

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रशिक्षक मैदानाच्या कडेला उभा असतो, पण सामन्यातील जवळजवळ प्रत्येक निर्णय त्याच्याकडूनच निघतो. उर्वरित जगात ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळात शिट्टी वाजल्यानंतर प्रशिक्षकाच्या हाती फारसे काही उरत नाही. अमेरिकेतल्या या खेळात मात्र दर काही सेकंदांनी खेळ थांबतो आणि पुढची चाल कोणती, हे कडेवरून कळवले जाते. एका सामन्यात एका संघाच्या वाट्याला साधारण ६० ते ७० चाली येतात. प्रतिस्पर्धी तोलामोलाचा असेल तर खेळाडूंच्या कौशल्यावर बरेच निभावून जाते. तो उघडउघड वरचढ असेल, तर चालींची निवड हेच दुबळ्या संघाच्या हाती उरलेले मुख्य शस्त्र ठरते. गंमत अशी, की हे शस्त्र कसे वापरावे याबाबत गणित एक सांगते आणि प्रशिक्षकांची वृत्ती दीर्घकाळ त्याच्या नेमकी उलट राहिली आहे.

खेळाची मांडणी थोडक्यात अशी. मैदान १०० यार्ड लांब, संघ ११ जणांचे, खेळ १५ मिनिटांच्या ४ भागांत विभागलेला. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी ४ संधी मिळतात. तिकडे त्यांना ‘डाउन’ म्हणतात. १० यार्ड झाले की पुन्हा ४ नव्या संधी. न झाल्यास चेंडू आहे त्याच जागी प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात जातो. म्हणून तीन संधींत काम झाले नाही, की चौथ्या संधीला संघ सहसा चेंडू पायाने लांब भिरकावून देतात आणि प्रतिस्पर्ध्याला शक्य तितके मागे ढकलतात. हा फटका म्हणजे ‘पंट’. गोलखांब आवाक्यात असतील तर त्यांच्यामधून चेंडू मारून ‘फील्ड गोल’चे ३ गुण पदरात पाडून घेतात. चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला तर ‘टचडाउन’चे ६ गुण, आणि वर सहसा एका गुणाचा फटका. चौथ्या संधीला फटका मारायचा की पुढे घुसायचे, हा या खेळातला सर्वांत अवघड प्रश्न मानला जातो.

कडेवरून येणारा आदेश

पूर्वी चाली प्रामुख्याने क्वार्टरबॅकच ठरवत असे. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हाती घेऊन आक्रमणाला दिशा देणारा खेळाडू. क्लीव्हलँड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी ही सत्ता स्वतःकडे घेतली. ते चालीगणिक एक खेळाडू बदलून त्याला निरोप्या म्हणून आत पाठवीत. १९५६ मध्ये त्यांनी क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवून पाहिला. त्यावर लवकरच बंदी आली. तीच सोय नॅशनल फुटबॉल लीगने, म्हणजे एनएफएलने, १९९४ मध्ये अधिकृत केली. एक चाल संपल्यावर पुढची सुरू करण्यासाठी ४० सेकंद मिळतात आणि त्यांतले १५ उरले की रेडिओ बंद होतो. म्हणजे परिस्थिती पाहून, चाल निवडून ती कळवण्यासाठी प्रशिक्षकाला २५ सेकंदच मिळतात. त्यामुळे त्याच्या हाती प्लॅस्टिक चढवलेला मोठा तक्ता असतो आणि बारीक अक्षरांत प्रसंगानुसार चाली लिहिलेल्या असतात. बोलताना तो याच तक्त्याने तोंड झाकतो, कारण पलीकडे ओठांच्या हालचाली वाचणारे बसलेले असू शकतात.

हजारो प्रेक्षकांच्या गोंगाटात २५ सेकंदांत सुचलेली चाल चांगली असेलच असे नाही, हे बिल वॉल्श यांनी ओळखले. सामन्याच्या सुरुवातीच्या चाली आधीच शांतपणे लिहून ठेवण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. पुढे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक असताना ही यादी २५ चालींपर्यंत गेली. यादीचा हेतू केवळ गुण मिळवणे हा नव्हता. आपण अशी रचना केली तर समोरची बचाव फळी कशी हलते, हे सुरुवातीलाच पाहून ठेवायचे आणि त्याचा फायदा पुढे उठवायचा, असा तो बेत होता.

वॉल्श यांच्या गाजलेल्या आक्रमणपद्धतीचा उगमही दुबळेपणातच आहे. सिनसिनाटी बेंगॉल्स या नवख्या संघात ते सहायक प्रशिक्षक होते. जोरदार फेकीचा क्वार्टरबॅक ग्रेग कूक १९६९ मध्ये जायबंदी झाला आणि १९७० मध्ये संघाची मदार व्हर्जिल कार्टर याच्यावर आली. कार्टरच्या हातात लांब फेकीची ताकद नव्हती. अचूकता मात्र होती. वॉल्श यांनी लांब फेकीचा नाद सोडला आणि मैदानाच्या रुंदीचा वापर करणाऱ्या, आखूड, ठरावीक वेळी सुटणाऱ्या फेकींवर सारे आक्रमण उभारले. पहिल्या ७ सामन्यांपैकी ६ हरलेला हा संघ उरलेले सातही सामने जिंकून गटविजेता ठरला. गरजेपोटी जन्मलेली ही पद्धत ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ या नावाने पुढे देशभर पसरली आणि वॉल्श यांनी तिच्या बळावर फोर्टीनाइनर्सला तीन सुपर बाउल जिंकून दिले.

घड्याळाशी दोस्ती

बलाढ्य संघाविरुद्ध दोन मार्ग संभवतात. पहिला मार्ग सामना लहान करण्याचा. खेळ जितका लांबतो, जितक्या अधिक चाली होतात, तितका खरा वरचढपणा गुणफलकावर उतरतो. ५० षटकांपेक्षा २० षटकांच्या सामन्यात दुबळ्या क्रिकेट संघाला अधिक आशा असते, त्यातलाच हा प्रकार. अमेरिकन फुटबॉलमध्ये षटके कमी करता येत नाहीत, पण चेंडू आपल्याकडेच ठेवून, पळत पळत थोडेथोडे यार्ड मिळवून घड्याळ मात्र खाता येते. चेंडू बाहेर न जाता धावणारा खेळाडू मैदानातच अडवला गेला, तर घड्याळ चालूच राहते.

याचा नमुना म्हणून २७ जानेवारी १९९१ रोजी टॅम्पा येथे झालेल्या सुपर बाउलचा दाखला नेहमी दिला जातो. बफेलो बिल्सचे आक्रमण तेव्हा देशात सर्वांत धडाकेबाज मानले जात होते. क्वार्टरबॅक जिम केली दोन चालींमध्ये खेळाडूंना गोळाही होऊ देत नसे. आधीच्याच सामन्यात त्यांनी रेडर्सचा ५१-३ असा धुव्वा उडवला होता. न्यूयॉर्क जायंट्सचा मुख्य क्वार्टरबॅक फिल सिम्स जखमी होता आणि त्याच्या जागी राखीव जेफ हॉस्टेटलर खेळत होता. प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांचा बेत साधा होता : केली मैदानावर नसेल तर तो गुण मिळवू शकत नाही. उत्तरार्धाची सुरुवात जायंट्सने १४ चालींच्या, ७५ यार्डांच्या आक्रमणाने केली. त्याला ९ मिनिटे २९ सेकंद लागली, आणि शेवटी टचडाउन झाले. सामन्याच्या ६० मिनिटांपैकी ४० मिनिटे ३३ सेकंद चेंडू जायंट्सकडे राहिला. ३४ वर्षांचा ऑटिस अँडरसन १०२ यार्ड पळून सामन्याचा मानकरी ठरला. इतके करूनही निकाल २०-१९ असा एका गुणाचाच लागला, आणि तोही बिल्सच्या स्कॉट नॉरवूडचा ४७ यार्डांवरून मारलेला अखेरचा फटका खांबाच्या उजवीकडून गेला म्हणून. सामना लहान केल्याने विजयाची हमी मिळत नाही. शेवटच्या फटक्यापर्यंत आशा जिवंत राहते, एवढेच.

त्या दिवशी जायंट्सच्या बचावाची आखणी बिल बेलिचिक यांनी केली होती. हे नाव पुढे दोनदा येणार आहे.

महाविद्यालयीन स्तरावर हाच मार्ग लष्करी अकादमीच्या ‘आर्मी’ संघाने टोकाला नेला. लष्करी सेवेची बांधिलकी आणि शारीरिक निकष यांमुळे या संघाला धिप्पाड, नावाजलेले खेळाडू मिळत नाहीत. त्यावर ‘ट्रिपल ऑप्शन’ हा उतारा आहे. या चालीत समोरच्या फळीतील एखाद्या महत्त्वाच्या बचावपटूला मुद्दामच अडवले जात नाही. क्वार्टरबॅक पळत असताना तो काय करतो हे पाहतो. तो एकावर झेपावला की चेंडू दुसऱ्याकडे जातो. ज्याला ताकदीने अडवणे शक्य नाही त्याला निर्णय घ्यायला लावून निष्प्रभ करायचे, ही कल्पना गनिमी काव्याच्या जवळची आहे. २२ सप्टेंबर २०१८ रोजी देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या ओक्लाहोमाविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, आर्मीने चेंडू ४४ मिनिटांहून अधिक वेळ स्वतःकडे ठेवला. ओक्लाहोमाला अवघ्या ४० चाली मिळाल्या. नियमित वेळेत २१-२१ अशी बरोबरी झाली. आर्मीचा २८-२१ असा पराभव झाला तो जादा वेळेत.

धोका पत्करण्याचे अर्थशास्त्र

दुसरा मार्ग धोका वाढवण्याचा. सामान्य खेळ खेळून हरणे जवळपास निश्चित असेल, तर ज्यात मोठे यश किंवा मोठे अपयश मिळेल अशा चाली निवडणे शहाणपणाचे ठरते. त्यातली सर्वांत मोठी चाल म्हणजे चौथ्या संधीला पंट न मारता पुढे घुसणे. बर्कलेचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी एनएफएलच्या तीन हंगामांतील सामने तपासून २००६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. पुढे घुसणे हिशेबाने फायद्याचे होते अशा प्रसंगांतही संघांनी दहापैकी जवळपास नऊ वेळा फटकाच मारला होता, असे त्यांना आढळले.

प्रशिक्षकांना हिशेब कळत नव्हता असे नव्हे. प्रश्न दोषाचा होता. पंट मारून संघ हरला तर खेळाडू कमी पडले असे म्हटले जाते. पुढे घुसण्याचा प्रयत्न फसला तर प्रशिक्षकाने सामना घालवला असे म्हटले जाते. नोकरी टिकवायची असेल तर पहिला पराभव परवडतो.

याची प्रचिती बेलिचिक यांनाही आली. १५ नोव्हेंबर २००९ रोजी त्यांचा न्यू इंग्लंड पॅट्रियट्स संघ इंडियानापोलिस कोल्ट्सवर ३४-२८ असा आघाडीवर होता. दोन मिनिटे ८ सेकंद उरली होती, चौथी संधी होती, २ यार्ड हवे होते आणि चेंडू आपल्याच २८ यार्डांवर होता. समोर पेटन मॅनिंगसारखा क्वार्टरबॅक असताना त्याच्या हाती चेंडू देण्यापेक्षा २ यार्डांचा प्रयत्न बरा, असे बेलिचिक यांनी ठरवले. प्रयत्न थोडक्यात हुकला, मॅनिंगने टचडाउन केले आणि कोल्ट्सने सामना ३५-३४ असा जिंकला. आकडेशास्त्राच्या अभ्यासकांनी निर्णयाचे समर्थन केले, पण अनेक माजी खेळाडू आणि समालोचकांनी बेलिचिक यांच्यावर टीकेची झोड उठवली. तोपर्यंत तीन सुपर बाउल जिंकलेला प्रशिक्षकच ही टीका पचवू शकत होता.

त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, ४ फेब्रुवारी २०१८ रोजी, मिनियापोलिसमध्ये बेलिचिक यांच्याच संघाविरुद्ध फिलाडेल्फिया ईगल्सचे प्रशिक्षक डग पेडरसन उभे होते. त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झ डिसेंबरमध्ये जायबंदी झाला होता. राखीव निक फोल्सवर सारी भिस्त होती. ईगल्सने तोवर एकही सुपर बाउल जिंकला नव्हता. पॅट्रियट्सकडे टॉम ब्रेडी होता.

मध्यंतराला ३८ सेकंद उरले असताना ईगल्स १५-१२ असे पुढे होते. चेंडू टोकाच्या पट्ट्यापासून जेमतेम एका यार्डावर आणि चौथी संधी. ३ गुण समोर ठेवलेले होते. फोल्सने एक खास चाल सुचवली आणि पेडरसन यांनी होकार दिला. फोल्स सहकाऱ्यांना काही सांगत असल्याप्रमाणे उजवीकडे सरकला. चेंडू थेट कोरी क्लेमेंटकडे गेला, त्याने तो उलट दिशेने धावत येणाऱ्या ट्रे बर्टनकडे टाकला. बर्टन शालेय वयात क्वार्टरबॅक म्हणून खेळला होता. त्याने फेक केली ती फोल्सकडेच, आणि फोल्सवर लक्ष ठेवायला कोणीच नव्हते. ‘फिली स्पेशल’ नावाने ही चाल अजरामर झाली. ती मुळात ईगल्सची नव्हती. शिकागो बेअर्सने जानेवारी २०१७ मध्ये तसाच डाव यशस्वी केला होता, आणि ईगल्सने तो उचलून सरावात घोटला होता.

चमत्कृतीमुळे ही चाल लक्षात राहिली. पण पेडरसन यांच्या धाडसाचा खरा कस लागला तो शेवटी. ५ मिनिटे ३९ सेकंद उरली होती, ईगल्स ३२-३३ असे मागे पडले होते, चौथी संधी, एक यार्ड हवा, आणि चेंडू स्वतःच्याच ४५ यार्डांवर. बहुतेक प्रशिक्षकांनी इथे पंट मारला असता. पेडरसन यांनी मैदानावर त्या रात्री जे दिसत होते तेच प्रमाण मानले : पॅट्रियट्सला संपूर्ण सामन्यात एकदाही पंट मारावा लागला नव्हता, आणि अखेरीस त्यांचे ६१३ यार्ड झाले. अशा संघाला चेंडू परत देणे म्हणजे सावधगिरी नव्हेच. फोल्सने झॅक अर्ट्झकडे आखूड फेक करून २ यार्ड मिळवले. ते आक्रमण १४ चाली आणि ७ मिनिटे १ सेकंद चालले आणि अर्ट्झच्याच टचडाउनने संपले. एकाच आक्रमणात दोन्ही मार्ग आले होते : घड्याळही खाल्ले गेले आणि धोकाही पत्करला गेला. ईगल्स ४१-३३ असे जिंकले. पेडरसन आणि फोल्स यांच्यातील त्या संवादाचा पुतळा ईगल्सच्या मैदानाबाहेर सप्टेंबर २०१८ मध्ये उभा राहिला. संघाची कामगिरी ढासळल्यावर जानेवारी २०२१ मध्ये पेडरसन यांना पदावरून दूर करण्यात आले.

दरम्यान एनएफएलमध्ये चौथ्या संधीला पुढे घुसणाऱ्यांची संख्या बरीच वाढली. संघांनी आकडेतज्ज्ञ नेमले. तरीही दोष देण्याची रीत फारशी बदललेली नाही. २८ जानेवारी २०२४ रोजी डेट्रॉइट लायन्सचे प्रशिक्षक डॅन कॅम्बेल बलाढ्य फोर्टीनाइनर्सविरुद्ध मध्यंतराला २४-७ असे आघाडीवर होते. उत्तरार्धात त्यांनी दोनदा फील्ड गोल नाकारून चौथ्या संधीला प्रयत्न केला. पहिल्यांदा फेक खेळाडूच्या हातातून निसटली, दुसऱ्यांदा ती पोहोचलीच नाही. लायन्स ३४-३१ असे हरले आणि संघाच्या इतिहासातील पहिल्या सुपर बाउलची संधी हुकली. ६ गुण सोडले आणि सामना ३ गुणांनी गेला, हा हिशेब दुसऱ्या दिवशी सगळीकडे मांडला गेला. ज्या पद्धतीने लायन्स तिथवर पोहोचले तीच आपण वापरली, या भूमिकेवरून कॅम्बेल हटले नाहीत. पुढच्या हंगामात लायन्सने १७ पैकी १५ सामने जिंकले.